चावीवाल्यांनाही परिषदेला बोलवा : पेयजल परिषदेच्या संयोजकांना खुले पत्र

संयोजक मंडळींना सप्रेम नमस्कार.

पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रातल्या लोकांची विभागीय परिषद यंदा वडोदऱ्यात भरते आहे हे समजलं आणि फार बरं वाटलं. माझा जन्म दांडिया बाजारातला. नोकरीची बत्तीस वर्षं गुजरातमधल्या तीन-चार गावांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत गेली. काम एकच, प्रयोगशाळेत पाणी तपासायचं. निवृत्त झाले आणि पुन्हा याच गल्लीत राहायला आले. तुम्ही इथे येणार म्हणजे माझ्या लेखी हे घरचंच कार्य आहे.

जुन्या एका सहकाऱ्याने कार्यक्रमपत्रिका दाखवली. स्मार्ट मीटर, स्काडा (पंप आणि व्हॉल्व्ह दुरून संगणकावर बघणं-चालवणं), जीआयएस म्हणजे संगणकावरचे नकाशे, गळती शोधणारी उपकरणं, मेम्ब्रेन म्हणजे पाणी गाळणारे बारीक पडदे, चोवीस तास पाणी. सगळे विषय कामाचे आहेत, त्यातल्या एकालाही माझी हरकत नाही. शेवटी वक्त्यांची यादी वाचली. अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत, सल्लागार आहेत, पंप आणि पाइप बनवणाऱ्या कंपन्यांचे लोक आहेत. पण गेल्या महिन्याभरात ज्याने स्वतःच्या हाताने रस्त्यावरचा व्हॉल्व्ह फिरवलाय, असा एकही माणूस, म्हणजे आपला चावीवाला, त्यात नाही. फिल्टर बेड, म्हणजे पाणी गाळणारा वाळूचा थर, धुणारा नाही, क्लोरीनच्या खोलीत रात्रपाळी करणारा नाही, पाण्याचे नमुने गोळा करत उन्हातान्हात फिरणारी मुलगी नाही. आणि दोन्ही दिवसांचं कामकाज इंग्रजीत.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. परिषदेतला एक पूर्ण सकाळचा वेळ या माणसांना द्या. त्यांना प्रतिनिधी म्हणून बोलवा, कामावर आहेत असं धरून त्यांचा पगार आणि प्रवासखर्च द्या, आणि त्यांना गुजराती-मराठी-हिंदीत बोलू द्या. आपण ऐकू या.

ही भावनेपोटी केलेली मागणी नाही. का ते सांगते.

मागच्या आठवड्यात पहाटे पाचला मी दारात उभी होते. आमच्या गल्लीत पाणी सोडायला येणारा माणूस सायकल भिंतीला टेकवून चेंबरपाशी आला. पहारीने झाकण उचललं, बॅटरी दातांत धरली, आणि कमरेपर्यंत येणारी ती टी आकाराची लोखंडी चावी आत घालून स्पिंडलवर, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवायच्या दांड्यावर, बसवली. मग फिरवायला लागला. तोंडाने पुटपुटत मोजत होता. तीन फेऱ्या झाल्यावर थांबला. चावीच्या मुठीवर कान टेकला आणि चांगला मिनिटभर तसाच वाकून राहिला. पुन्हा दोन फेऱ्या, पुन्हा कान. मी विचारलं, मध्येच का थांबता? तो म्हणाला, रात्रभर लाइन रिकामी असते, आत हवा भरते. एकदम उघडलं तर पाणी त्या हवेला ढकलत नेतं आणि पुढचा जुना जोड उडतो. हवा निघून गेली की आवाज बदलतो. तो बदलला की पुढे जायचं.

मी कानाला लावून पाहिलं. मला नुसती घरघर ऐकू आली. त्याला त्यात हवा वेगळी आणि पाणी वेगळं ऐकू येत होतं.

चार इंची व्हॉल्व्ह साधारण तेरा-चौदा फेऱ्यांत पूर्ण उघडतो. त्याने अकराव्या फेरीला चावी काढून घेतली. राहिलेल्या फेऱ्या कुठे गेल्या म्हणून विचारलं तर म्हणाला, पूर्ण उघडला की सगळं पाणी उताराच्या घरांत जातं, वरच्या टोकाच्या सहा घरांना धार येत नाही. हे त्याला त्याच्या आधीच्या माणसाने सांगितलं होतं, त्याला त्याच्याही आधीच्याने. कुठल्याही कचेरीतल्या कागदावर हे लिहिलेलं नाही. वरच्या सहा घरांतल्या बायकांना रोज सकाळी जे पाणी मिळतं ते या न उघडलेल्या फेऱ्यांमुळे मिळतं.

जुन्या शहरांत उलटे व्हॉल्व्हही असतात. बाकी सगळे उजवीकडे फिरवले की बंद होतात, हे एखाद-दोन डावीकडे. कधीकाळी दुसऱ्या कारखान्याचा माल आला आणि बसवला गेला. नवा माणूस येतो, बंद करायला जातो, प्रत्यक्षात उघडतो, मग अडकलं म्हणून जोर लावतो आणि स्पिंडल मोडतो. अर्ध्या वॉर्डाचं पाणी दोन दिवस बंद. उलटा कुठला, हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे त्याची बदली झाली किंवा तो निवृत्त झाला की ती माहिती त्याच्यासोबत घरी जाते.

आपलं शहर कसं वाढत गेलं ते बघा म्हणजे हे असं का आहे ते कळेल. महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी आजव्याचा तलाव बांधून घेतला. काम १८८० च्या दशकात सुरू झालं आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला शहरात नळाचं पाणी खेळू लागलं. अभियंते होते जगन्नाथ सदाशिवजी. शहराच्या पूर्वेला सुमारे वीस किलोमीटरवर मातीचा बांध, आणि तिथून पाणी उताराने आपलं आपण शहरात यायचं, उपसा करायची गरजच नाही. त्या काळी वस्ती लाख-सव्वा लाखाची. २०११ च्या जनगणनेत ती सोळा लाखांच्या पुढे गेली. आजव्याला जोड म्हणून मही नदीच्या पात्रात फ्रेंच विहिरी आल्या: फाजलपूर, रायका, दोडका, पोयचा. नदीच्या वाळूत खोल विहीर आणि तिच्या तळापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या चहूबाजूंना गेलेल्या जाळीदार नळ्या. वाळूच पाणी गाळून देते. त्यानंतर नर्मदेच्या कालव्याचं पाणी आलं. दर पिढीने आधीच्या पिढीच्या जाळ्याला आपलं जाळं जोडलं. बिडाच्या पाइपाला सिमेंटचा, त्याला पीव्हीसीचा, त्याला डक्टाइल लोखंडाचा. रस्ते रुंद झाले, गटारं हलली, घरं पाडून मजले चढले. नकाशे मात्र प्रत्येक वेळी बदलले गेले असं नाही.

देशातल्या बहुतेक जुन्या शहरांची हीच कथा आहे, आणि तुमच्या परिषदेला येणारा प्रत्येक अभियंता ती मनातून जाणतो. आज आपण जीआयएसवर जे नकाशे चढवतो आहोत ते बऱ्याचदा त्याच जुन्या ड्रॉइंगवरून. पडद्यावर रंगीत रेषा दिसते म्हणून जमिनीखाली पाइप तिथे असेलच असं नाही. ती रेषा खरी करायची तर चावीवाल्याला सोबत घेऊन गल्लीगल्लीतून चालावं लागतं.

आता माझ्या नोकरीतली एक गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे चुकलेली माणसं वाईट नव्हती आणि हे कुठल्याही गावात घडू शकलं असतं.

उन्हाळ्याचे दिवस होते. एका वस्तीतून तक्रार आली की पाण्याला वास येतो. त्याच आठवड्यात तिथली मुलं जुलाबाने आजारी पडायला लागली. मी केंद्रावरचं पाणी तपासलं, टाकीतलं तपासलं, वस्तीच्या तोंडाशी असलेल्या नळाचं तपासलं. तेव्हा आम्ही ऑर्थोटोलिडीन वापरायचो. नळीत पाच थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं. (ते रसायन आरोग्याला घातक म्हणून आता डीपीडी वापरतात, पाणी गुलाबी होतं.) सगळीकडे छान पिवळं. शेवटच्या गल्लीत शिरले. पहिल्या घरी पिवळं, तिसऱ्या घरी फिकं, आणि पाचव्या घरी नळी तशीच्या तशी, पांढरी. मी उन्हात उभी राहून ती नळी डोळ्यांसमोर धरून बघत राहिले. घरातली बाई विचारत होती, पाणी चांगलं आहे ना? तिच्या कडेवर मूल होतं.

पुढची गोष्ट यंत्रांत नव्हे, माणसांत अडकली होती. ड्रॉइंगप्रमाणे त्या गल्लीची लाइन रस्त्याच्या उजव्या बाजूला होती आणि गटार डाव्या. दोघांची भेट होण्याचं कारणच नव्हतं. म्हणून दोन दिवस खोदाई उजव्या बाजूला चालली. तिसऱ्या दिवशी निवृत्तीला सहा महिने उरलेले एक चावीवाले काका मुख्य रस्त्यावर भेटले. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं. ते म्हणाले, "बेन, आ लाइन नकशामां नथी, पण जमीनमां छे." नकाशात नाही, पण जमिनीत आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मधल्या पाच घरांना दाब मिळेना म्हणून पलीकडच्या गल्लीतून एक जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप ओढून आणला होता. तात्पुरता म्हणून. तो गटाराच्या चेंबरमधून आरपार गेला होता.

त्यांनी पायाने दाखवलं त्या जागी दीड हात खणलं. चेंबर उघडला. पाइप मैल्यात बुडालेला, गंजून बोटभर भोक पडलेलं. सकाळी पाणी असायचं तेव्हा दाबाने बाहेर गळायचं. पाणी बंद झालं की लाइन रिकामी व्हायची, त्यात वरच्या मजल्यांवरून कुणी मोटर लावली की नळीत ओढ निर्माण व्हायची आणि बाहेरचं आत. दिवसातून तासभर पाणी देणाऱ्या प्रत्येक शहरात रोज पाण्याचा दाब असा शून्यावर आणि कधी शून्याच्याही खाली जातो. गटाराजवळून जाणारा प्रत्येक कच्चा जोड तेवीस तास उघड्या दारासारखा असतो.

ते दोन दिवस मला आजही छळतात. खोदाई चुकीच्या बाजूला चालली होती तेव्हा त्या पाच घरांनी तेच पाणी प्यायलं. आणि उत्तर गावातच होतं, चावी खांद्यावर घेऊन फिरत होतं.

तुमच्यातले काहीजण म्हणतील की नळाच्या शेवटच्या टोकाला ऑनलाइन क्लोरीन सेन्सर बसवले की काम झालं. बसवा, जरूर बसवा. आपल्या आयएस १०५०० या मानकात मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला पाण्यात शिल्लक राहिलेलं क्लोरीन, निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवं असं सांगितलंय आणि तेवढं शेवटच्या घरी पोचतंय का हे रोज कळायलाच हवं. पण क्लोरीनचा आकडा ही खूण आहे, कारण नाही. दिल्लीत १९५५ च्या अखेरीस काविळीची जी साथ आली ती आपल्या क्षेत्राच्या शिक्षणात सगळ्यांना शिकवली जाते. यमुनेच्या पुरानंतर नजफगढच्या नाल्याचं मैलापाणी वझिराबादच्या उपशाच्या जागेपर्यंत सरकलं. केंद्रावर तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवलं, जंतूंवर त्याचा परिणामही झाला. विषाणू मात्र सुटला आणि एकोणतीस हजारांच्या आसपास लोकांना कावीळ झाली. घाण कुठून शिरते हे कळून ती वाट बंद करणं याला पर्याय नाही, हे त्या साथीने शिकवलं. आणि वाट कुठे आहे हे सगळ्यात आधी कळतं ते पाण्याजवळ असणाऱ्याला.

भाषेबद्दल बोलते, कारण खरी अडचण तिथेच आहे.

तुम्ही जिथे परिषद भरवता आहात त्या शहरात, आजव्याचं काम चालू होतं त्याच सुमाराला, १८९० साली सयाजीरावांनी कलाभवन सुरू केलं. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या हाती ते होतं. तंत्रशिक्षण लोकांच्या भाषेत द्यायचं हा त्यामागचा विचार. रंगाई, यंत्रकाम, सुतारकाम शिकायला येणाऱ्या मुलाला आधी इंग्रजी आलं पाहिजे अशी अट कशाला? त्याच कलाभवनातून पुढे आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा उभी राहिली. या परंपरेच्या गावात पाण्याच्या कामगारांसाठीची एक सकाळ गुजराती आणि मराठीत घेणं तुम्हाला जड जाऊ नये. भाषांतर करायला मी बसेन. माझ्यासारखे दोन भाषांत वाढलेले आणि दोन्हींत पाणी तपासलेले इथे पुष्कळ आहेत.

अशा परिषदा सुरू कशा झाल्या, तेही आठवून बघा. १८८१ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये बावीस माणसं जमली आणि तिथल्या पाणीपुरवठा संघटनेची सुरुवात झाली. आपापल्या गावचं जलकार्य चालवणारी ती माणसं होती, आणि एकमेकांना अनुभव सांगायला आली होती. आपल्याकडे भारतीय जलकार्य संघटना १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झाली. तिच्याही मुळाशी हीच देवाणघेवाण आहे. या क्षेत्राची सगळी विद्या आधी हातांत होती, मग कागदावर आली. मग हातांना बाहेर का ठेवायचं?

चावीचं काम आता ठिकठिकाणी कंत्राटावर गेलंय, याचाही विचार करा. ठेकेदार बदलला की माणसं बदलतात. ज्याला उलटा व्हॉल्व्ह माहीत झाला तो वर्षभरात दुसरीकडे सुरक्षारक्षक म्हणून लागतो, कारण तिथे हजार रुपये जास्त मिळतात. जुन्या कायम नोकरांपैकी बहुतेकजण येत्या चार-पाच वर्षांत निवृत्त होतील. त्यांच्या डोक्यातला शहराचा नकाशा उतरवून घ्यायला आपल्याकडे एवढाच वेळ आहे. हे काम कुठलीही कंपनी विकत देऊ शकणार नाही. एक तरुण अभियंता, एक वही, एक मोबाइलचा कॅमेरा आणि सोबत तो माणूस. रोज एक गल्ली. परिषदेने हा ठराव केला आणि आपापल्या शहरात करून बघायचं ठरवलं, तर प्रदर्शनातल्या महागड्या सॉफ्टवेअरलाही त्याचा उपयोग होईल.

खेड्यांत हे थोडं घडतंय. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवून किट दिली गेली. माझ्या माहितीतल्या एका गावात त्यांतल्या एकीने नायट्रेट जास्त आहे हे ओळखून हातपंप बंद करायला लावला. असल्या दोघी-तिघी बोलवा. शहरातल्या अभियंत्यांना त्यांच्याकडून काय विचारावं तेच आधी सुचणार नाही, मग विचारत बसतील.

आणि एक सत्र चुकांचं ठेवा. कुठे साथ आली, कुठे क्लोरीन गळालं, कुठे नवी टाकी भरताच तडकली, आणि का. शहराचं नाव घेऊ नका, कुणाकडे बोट दाखवू नका. पण घडलेलं नीट सांगा. यशाच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने लहान गाव असून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. ओडिशातलं पुरी २०२१ मध्ये नळाचं पाणी थेट प्यायचं शहर झालं. पण कालच्या चुकीतून आपण जेवढं शिकतो तेवढं यशाच्या स्लाइडमधून शिकत नाही, हे प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही विचारा.

२०२४ च्या ऑगस्टमधला पूर तुमच्यापैकी वडोदऱ्याच्या मंडळींना आठवत असेल. विश्वामित्री नदीचं पाणी उतरल्यावर मी अकोटा भागात नणंदेकडे गेले. घरातल्या भूमिगत टाकीत चिखल, रस्त्यावर मेलेली जनावरं, आणि चेंबरात पोटापर्यंत पाण्यात उभा राहून हाताने चाचपत व्हॉल्व्ह शोधणारा एक माणूस. दोन तास लागले त्याला. ज्याला जागा माहीत होती तो त्या दिवशी दुसऱ्या टोकाला अडकला होता. मी त्याला चहा दिला. "तुम्हाला पाण्याच्या मोठ्या सभेत कधी बोलावलंय का?" असं विचारलं. प्रश्नच कळला नाही त्याला. सभेत पाण्याच्या बाटल्या ठेवायला का, असं त्याने विचारलं.

तेव्हापासून हे पत्र मनात होतं.

बाटल्यांचं म्हणाल तर त्या आणू नका. मंडपात माठ ठेवा, त्यात वडोदऱ्याच्या नळाचं पाणी, आणि शेजारी त्या सकाळचे आकडे लिहिलेला फळा: गढूळपणा, मुक्त क्लोरीन, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. आकडे मी स्वतः काढून देईन. पाहुण्यांना ते प्यायला द्यायचं धाडस तुम्हाला होत नसेल, तर पहिली चर्चा त्यावरच व्हावी.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आधी ज्यांना जमेल त्यांनी दांडिया बाजारात यावं. पहाटे पावणेपाचला. आमच्या गल्लीचा चावीवाला पाचला येतो, त्याला मी विचारून ठेवलंय आणि त्याची हरकत नाही. चावीवर कान कसा टेकायचा ते तो दाखवेल. डीपीडीचं किट आणि दहा स्वच्छ नळ्या माझ्याकडे तयार आहेत. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत चालत जाऊ आणि नळीतला गुलाबी रंग कुठे फिका होतो ते बघू.

आपली,
पाणी तपासणारी एक निवृत्त रसायनज्ञ
दांडिया बाजार, वडोदरा